रंग कमी, लसूण जास्त

चायनीजच्या गाडीवरचं जेवण यादीवरून ठरत नाही, बोलण्यातून ठरतं. ड्रॅगनच्या चित्राशेजारी लाल-पिवळ्या अक्षरांत रंगवलेली यादी असते, पण ती नवख्या माणसासाठी. रोजचं गिऱ्हाईक थेट बोलायला लागतं. ‘एक फुल शेजवान राईस पार्सल, तिखट मीडियम.’ ‘हक्का नूडल्स, सिमला मिरची नको.’ ‘मंचुरियन ड्राय, पण अगदी कोरडं नको.’ ‘कांदा-लसूण न घालता होईल का?’ ‘आज गुरुवार आहे, कढई वेगळी आहे ना?’ एखादा शाळकरी मुलगा नुसतं ‘नेहमीचं’ म्हणून बाजूला उभा राहतो. शेगडीच्या भडक्याच्या आवाजात कुक हे सगळं ऐकतो, एक शब्द लिहून घेत नाही, आणि ज्यानं जसं सांगितलं तसं त्याच्या पिशवीत पडतं.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अशा एका ठिकाणची मी जुनी गिऱ्हाईक आहे. आधी ती नुसती गाडी होती. मग मागचा छोटा गाळा मालकानं भाड्यानं घेतला, पण बसायला जागा आजही नाही. बहुतेक सगळा धंदा पार्सलचा. मालक माझ्या शाळेतला विद्यार्थी. मला बघितलं की ‘बाई, दोन मिनिटं हं’ म्हणतो आणि ती दहा होतात. त्या दहा मिनिटांत लोक काय मागतात, कसं मागतात, हे ऐकत मी उभी असते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हे अन्न कुकनं जितकं घडवलं तितकंच समोरच्यानं मागून मागून घडवलं आहे. म्हणून त्यात जे चांगलं आहे त्याचं श्रेय जसं आपलं, तसंच जे वाईट आहे त्यातही आपला हात आहे.

भारतातल्या चायनीजचा सगळ्यांत लाडका पदार्थ मुळात एका गिऱ्हाइकाच्या मागणीतून जन्मला. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग १९७० च्या दशकात मुंबईत आले. १९७५ साली ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जेवणाचं काम बघत होते. तिथं कुणीतरी यादीत नसलेलं, वेगळं काही करून मागितलं. वांग यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून तेलात परतली. आपल्या निम्म्या रश्श्यांची सुरुवात अशीच होते. पण पुढं गरम मसाला न घालता त्यांनी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरनं रस दाट केला आणि तळलेले चिकनचे तुकडे त्यात सोडले. हेच चिकन मंचुरियन. वांग यांनी पुढं केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं आणि नाव कमावलं, पण त्या हॉटेलाची पायरीही न चढलेल्या असंख्य माणसांनी त्यांचा पदार्थ खाल्ला आहे. चिकनच्या जागी फ्लॉवर आला, पनीर आलं, किसलेल्या कोबी-गाजराचे गोळे आले, तेही मागणाऱ्यांमुळेच. क्लबात त्या दिवशी ‘वेगळं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्या गल्लीत ‘ग्रेव्ही जरा घट्ट कर’ म्हणणारी माणसं त्याच्याच जातकुळीची.

वांग कोलकात्याचे, ही गोष्ट साधी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नावाचा चिनी माणूस बंगालमध्ये आला आणि हुगळीच्या काठी त्यानं साखरेचा कारखाना घातला. त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. त्याच्यामागून येत गेलेल्यांत हक्का लोक मोठ्या संख्येनं होते. कातडी कमावण्याचं काम आपल्याकडच्या जातिव्यवस्थेनं अस्पृश्य ठरवलेलं, म्हणून कोलकात्याच्या टांगरा भागातली ती जागा त्यांना मोकळी मिळाली आणि त्यांनी तिथं कातड्याचे कारखाने उभे केले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणाच्या कारणावरून हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले. टांगऱ्यात मग हॉटेलंच मुख्य धंदा होऊन बसली. आज आपण ज्यांना हक्का नूडल्स म्हणतो त्यांच्यामागं एवढी माणसं आहेत.

या माणसांवर १९६२ मध्ये जे ओढवलं ते शाळेत शिकवायला हवं होतं. मी शिकवत होते तेव्हा आमच्या पुस्तकात युद्ध होतं, देवळी नव्हतं. चीनशी युद्ध पेटल्यावर आसाम, बंगाल आणि इतर ठिकाणच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत इथंच जन्मलेल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही, रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काही कुटुंबं तिथं कित्येक वर्षं अडकून पडली. सुटून आले तेव्हा घरं-दुकानं गेलेली. मुंबईतही माझगाव आणि कामाठीपुऱ्याच्या आसपास चिनी वस्ती होती; दात बसवणारे, जोडे शिवणारे, हॉटेलवाले. माझगावात त्यांचं देऊळ अजून आहे, पण पूजेला येणारी घरं थोडी उरली, कारण त्या काळात अनेकांनी देश सोडला. संशय आणि पोलिसी पाळत सोसून जे थांबले त्यांच्यातल्या काहींनी आपल्याला हे जेवण दिलं. रात्रीचं पार्सल घेताना हे आठवलं तर घास कडू व्हावा असं माझं म्हणणं नाही, पण ठाऊक तरी असावं.

आता चवीबद्दल. शेजवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलं. ते जेवण मुंबईत १९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगननं आणलं. सिचुआनच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारं तिथलं एक मिरं. ते आपल्या गाडीवर कधीच पोचलं नाही. गंमत अशी की त्या मिऱ्याचं सख्खं भावंड कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे: तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात, तुरीच्या डाळीच्या आमटीत जे पडतं ते तिरफळ आणि सिचुआनचं मिरं वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले. तरी आपल्या शेजवानमध्ये तिरफळ नाही. का नाही, तर कुणी मागितलं नाही. आपण मागितली ती लसणाची चटणी. भिजवून वाटलेली सुकी लाल मिरची, मूठभर लसूण, तेल, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. सोया सॉसचा थेंब काढून टाकला तर ही चटणी भाकरीबरोबर चालेल. म्हणूनच ती डोशात शिरली, वडापावात शिरली, मुलांच्या डब्यातल्या पोळीवर पसरली गेली. बाटलीबंद शेजवान चटणी घरोघरी पोचवणाऱ्या कॅपिटल फूड्स या कंपनीचं मोल २०२४ च्या जानेवारीत टाटा कन्झ्युमरनं ५,१०० कोटी रुपये धरलं. गाडीवरच्या मिक्सरमध्ये रोज दुपारी वाटल्या जाणाऱ्या चटणीचा हा प्रवास मला थक्क करतो.

अस्सल चिनी जेवण असं नसतं, असं सांगणारे लोक भेटतात. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यानं काही बिघडत नाही. चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान, मंचाव सूपवर भुरभुरलेले तळलेले नूडल्स हे इथलेच पदार्थ आहेत. पोह्यांतला बटाटाही मूळचा इथला नव्हता. अन्नाला जन्माचा दाखला विचारण्यात अर्थ नसतो. ते नीट शिजवलेलं आहे का, हे विचारावं.

पार्सलची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण ती बायकांची गोष्ट आहे. माझं लग्न झालं तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरात ‘बाहेरचं’ आणणं हा गृहिणीच्या कर्तव्यातला खंड मानला जाई. बाहेर जाऊन खाणं एकवेळ चाले, निमित्त असे: परीक्षेचा निकाल, पाहुणे, वाढदिवस. पण घरी चूल असताना बाहेरून आणलेलं जेवण ताटात वाढायचं म्हणजे घरच्या बाईला काय झालं, असा प्रश्न येई. दिवसभर शाळा, मग लोकल, मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि त्यावर रात्रीचा स्वयंपाक. हे सगळं उरकणाऱ्या माझ्यासारख्या बाईला रविवारच्या पार्सलनं जे दिलं त्याची किंमत कुठल्याही यादीत छापलेली नव्हती. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं. पुढं त्यांना मंचाव सूप इतकं आवडायला लागलं की त्याच विचारत, ‘आज आणणार का गं ते?’ प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्यानं घट्ट बांधलेलं गरम सूप, वेगळ्या पुडीत तळलेले नूडल्स, चार भांड्यांत चार वाटण्या. ‘वन बाय टू’ हा शब्द आमच्या घरात असा आला.

आजही गाडीपुढं संध्याकाळी साडेआठनंतर येणाऱ्यांत नोकरीवरून परतणाऱ्या बायका खूप असतात. गर्दीच्या लोकलमधून उतरलेल्या, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. त्यांच्या मागण्या मी कान देऊन ऐकते. ‘एक फुल राईस, तिघांना पुरेल असा दे.’ ‘मुलाचं वेगळं बांध, तिखट अजिबात नको.’ स्वतःसाठी त्या क्वचितच काही सांगतात. एकदा एक तरुण बाई सगळ्यांचं सांगून झाल्यावर जरा थांबली आणि म्हणाली, ‘आणि एक हाफ चिली चिकन. ते माझं.’ मला तिचं फार कौतुक वाटलं.

श्रावण लागला की गाडी ओस पडते आणि त्याच्या आदल्या गटारीला चिकन लॉलीपॉपसाठी रांग रस्त्यापर्यंत जाते. गणपतीत मंडळाची पोरं रात्री एक वाजता फ्राइड राईस मागतात. जैन शेजाऱ्यांसाठी कुकनं लसणाशिवायची शेजवान बसवली आहे; आलं आणि लसूण दोन्ही वर्ज्य असताना चव उभी करणं किती अवघड, हे स्वयंपाक करणाऱ्यालाच कळेल. एका बरणीवर त्यानं हिरवी चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवली आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या मनानं.

हा कुक नेपाळचा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तिकडच्या माणसाला इथं राहून काम करायला परवाना लागत नाही, आणि त्या वाटेनं आलेली हजारो माणसं आपल्या शहरांत रात्री कढई हलवतात. काही दार्जिलिंगकडची, काही ईशान्येतली, काही गढवालची, हल्ली कितीतरी मराठी मुलंही. आमचा कुक कोवळ्या वयात आला, भांडी घासत घासत शिकला. दुपारी दोनला त्याचा दिवस सुरू होतो: कोबी चिरणं, नूडल्स उकडून तेल लावून पंख्याखाली पसरणं, भात मोकळा करणं, लॉलीपॉपसाठी कोंबडीच्या पंखाचं मांस हाडाच्या एका टोकाला सरकवणं. संध्याकाळी सहा ते रात्री बारा तो शेगडीच्या जाळापुढं उभा असतो. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. बंद करून, कढया घासून झाल्या की एकच्या सुमाराला तो जेवतो. काय जेवतो? डाळ-भात आणि बटाट्याची भाजी.

त्याला लोक काय काय हाका मारतात ते मी इथं सगळं लिहू शकत नाही. ‘बहादूर’ ही त्यातली सभ्य. चेहऱ्यावरून ठेवलेली नावं त्याहून वाईट. २०२० च्या सुरुवातीला तर ईशान्येतल्या मुलामुलींना आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं, आणि १९६२ ची मनोवृत्ती मेलेली नाही हे दिसलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा हा कुक महिनाभर मालकाच्या गाळ्यात राहिला, मग कसाबसा सीमेपर्यंत पोचला. परत आला तेव्हा मालकानं पंतप्रधान स्वनिधी योजनेतलं १०,००० रुपयांचं कर्ज काढून पुन्हा शेगडी पेटवली होती. त्याचं नाव गल्लीतल्या किती जणांना माहीत आहे? मी विचारून पाहिलं. वर्षानुवर्षं त्याच्या हातचं खाणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ज्याला आपली आवड पाठ आहे, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट मला लागते.

आता ज्या प्रश्नासाठी लोक चायनीजकडे संशयानं बघतात, तिकडे येते. आरोग्य.

गाडीवर सगळ्यांत जास्त ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘अजिनोमोटो टाकू नका’. हा पदार्थ टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ओळखला आणि वेगळा केला. त्यातलं ग्लुटामेट टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरानं पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. ते पत्र जगभर पसरलं. पुढं कुणी काय खाल्लं हे खाणाऱ्याला न सांगता चाचण्या झाल्या, त्यांत नेहमीच्या प्रमाणात हा त्रास ठामपणे दिसला नाही. तेव्हा ती पांढरी पूड ही मोठी भीती नव्हे. मुळातच मीठ जास्त असलेल्या सॉसांवर ती पडते, म्हणून रक्तदाब असलेल्यानं जपावं, एवढंच.

जपायला हवं ते वेगळ्याच गोष्टींना. पहिलं भाताला. शिजवलेला भात तासन्‌तास उघड्यावर, कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, आणि त्यानं तयार केलेलं उलट्या आणणारं विष कढईतल्या जाळानंही जात नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चिनी पार्सलच्या दुकानांतल्या फ्राइड राईसमुळे माणसं आजारी पडली तेव्हा हे समजलं. दुसऱ्या एका वस्तीतल्या गाडीवरून आणलेल्या राईसनं आमच्या घरातल्या दोघांना रात्रभर जागवलं होतं; वास आंबूस नव्हता, चव चांगली होती. म्हणजे नाकावर आणि जिभेवर विसंबून चालत नाही. ‘भात केव्हाचा आहे?’ हे विचारायला संकोच नको. आमच्या मालकाला मी विचारलं तेव्हा त्याला राग आला नाही. त्यानं दाखवलं: थोडा थोडा भात लावतो, ताटांत पातळ पसरून गार करतो, उरलेला फ्रिजमध्ये. दुसरं तेल. पुन्हा पुन्हा तापवून काळं झालेलं, तळताना फेस येणारं तेल कढईत डोकावलं तर दिसतं. २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांवर कायद्यानं २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण ती मोजायला गल्लीत कुणी येत नाही. बघायचं आपणच.

आणि तिसरा रंग. इथं मला गिऱ्हाइकाला जाब विचारावासा वाटतो. मंचुरियन भडक लाल का असतं? मी मालकाला म्हटलं, ‘अरे, हा रंग बंद कर.’ तो म्हणाला, ‘बाई, करून बघितला. लोक म्हणायला लागले, आज फिकं का? शिळं आहे का? समोरच्या गाडीवर जायला लागले.’ २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकानं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, कारण नमुन्यांत नको ते रंग सापडले. गोव्यात त्याआधीच म्हापसा पालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मज्जाव केला होता, आणि २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहातही अन्न व औषध प्रशासनानं असेच निर्बंध घालायला सांगितले होते. देशभर बातम्या झाल्या. मला विचाराल तर पदार्थावर बंदी घालून फारसं साधत नाही. जत्रेतून हटलेली गाडी पुढच्या चौकात लागते. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लाल हवं असेपर्यंत रंगाची पुडी गाडीखाली राहणार. आमच्या मालकानं शेवटी तोड काढली: काश्मिरी मिरची भिजवून वाटायला लागला. खर्च वाढला, रंग विटकरी आला. काही गिऱ्हाइकं गेली. काही जणांनी मात्र स्वतःहून सांगायला सुरुवात केली, ‘रंग कमी, लसूण जास्त.’ आता दुसरेही ते ऐकून तसंच सांगतात. पदार्थ असा बदलतो.

अस्वच्छतेची तक्रार करणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. गाडीवाल्यानं पाणी कुठून आणायचं? नळ नाही, मोरी नाही, कचऱ्याची सोय नाही. निळ्या कॅनमधलं पाणी विकत घ्यायचं आणि ते रात्रभर पुरवायचं. पालिकेची गाडी आली की शेगडी विझवून, गरम तेलासकट पळायचं; अशा पळापळीत माणसं भाजली आहेत. २०१४ चा पथविक्रेता कायदा यासाठीच झाला. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण, त्यांना प्रमाणपत्र, ठरलेल्या जागा, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे. कायदा चांगला आहे. अंमलबजावणी बहुतेक शहरांत रेंगाळली आहे. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, हे मला मान्य आहे, गुडघे दुखणाऱ्या माझ्यासारखीला तर फारच. पण चालणाऱ्याला वाट आणि विकणाऱ्याला जागा आखून देणं हे पालिकेचं काम आहे. ते झालं नाही म्हणून दोघांनी एकमेकांशी भांडत बसायचं, हे बरोबर नाही. जागा पक्की झाली तर नळ मागता येतो. नळ आला तर हात धुतले जातात. गाळा घेतल्यावर आमच्या मालकाकडे नळ आला आणि त्या आठवड्यापासून भांड्यांचा रंग बदलला. मी बघितलं आहे.

हल्ली मोबाइलवरून मागवणारे वाढले. पाय दुखत असतील, पाऊस असेल तेव्हा मीही मागवते. पण त्यात दोन गोष्टी हरवतात. किमतीतला मोठा वाटा मधल्या कंपनीकडे जातो, आणि बोलणं संपतं. ‘तिखट कमी’ एवढं एका चौकटीत लिहिता येतं. कढईत डोकावता येत नाही. आणि चव बिघडली की समोरासमोर सांगण्याऐवजी लोक एक तारा देऊन मोकळे होतात. तोंडावर सांगितलेली तक्रार कुकला सुधारता येते. ‘काल मीठ जास्त झालं होतं रे’ म्हटलं की तो ओशाळतो, पुढच्या वेळी कढईतला नूडल पळ्यावर घेऊन चाखायला देतो. गुपचूप दिलेल्या एका ताऱ्यानं त्याला फक्त धंदा कमी झाल्याचं कळतं, कारण कळत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. घराजवळच्या गाडीवर शक्य असेल तेव्हा स्वतः जा. घरचा डबा न्या; गरम रस्सा पातळ प्लॅस्टिकमध्ये नको. रंग नको म्हणून सांगा, मोठ्यानं सांगा, म्हणजे मागच्यालाही ऐकू जाईल. भात केव्हाचा ते विचारा. चांगल्या तेलाचे दहा रुपये जास्त पडले तर कुरकुरू नका. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा गाड्या हटवा एवढंच सांगू नका. त्यांना जागा आणि पाणी द्या, हेही सांगा. आणि आज रात्री पार्सल घ्यायला गेलात तर कढईपुढं उभ्या असलेल्या माणसाला त्याचं नाव विचारा, आणि उद्यापासून त्याला त्या नावानं हाक मारा.